किमान रकमेची वारसदार

मी, सभागृहांचे पडदे शिवणारी, वय वर्षे एकाहत्तर, पदवीधर, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही; उलट दोन्ही मुलांनी "आत्ताच कशाला?" म्हणून टाळाटाळच केली.

१. घर भाड्याचे आहे. सोडताना भिंतीतले हूक काढून भोके बुजवावीत, म्हणजे घरमालकाला अनामत कापायला निमित्त मिळणार नाही. अनामतीतून आधी माझ्या क्रेडिट कार्डाचे देणे भागवावे. ती पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे.

२. हे देणे कसे झाले ते सांगते, नाहीतर नातेवाईक तर्क लढवतील. आमच्या धंद्यात एखाद्या महिन्यात हात पुरत नाहीत, मग कितीतरी महिने माशा मारत बसावे लागते. कापडवाल्याने उधारी बंद केली तेव्हा मोठ्या मुलाने मला कार्ड घ्यायला लावले. "आई, पैसे आले की सगळे भर. नाही आले तर किमान रक्कम भर, बस." त्याचा पगार एक तारखेला होतो, पैसे न येणे म्हणजे काय, हे त्याला ऐकून माहीत आहे. मी किमान रक्कम मुदतीच्या आधी भरत गेले आणि आपला व्यवहार चोख आहे अशा समजुतीत राहिले. व्याजावर व्याज चढत होते. बँक मात्र मला उत्तम ग्राहक म्हणून खर्चाची मर्यादा वाढवून देत होती.

३. नव्या सभागृहाच्या मखमली पडद्याचे पैसे येणे आहेत. व्यवस्थापक म्हणतो, "ताई, उद्घाटनाला पाहुणा ठरला की लगेच." पाहुणा ठरत नाही, पडदा रोज उघडतो आणि मिटतो. ही वसुली मी मोठ्याला देते. त्याने स्वतः जावे, बाहेरच्या बाकावर बसावे आणि चहा नाकारावा. तिथे चहा घेतलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. मिळेल ते माझ्या कार्डात भरावे.

४. जाड कापडाचे शिवणयंत्र, कात्र्या आणि कापायचे लांब टेबल धाकट्या मुलीला. शिवते तीच, मोठ्याने वाटा मागू नये.

५. माझे देणे धाकटीने अंगावर घेऊ नये, असे या कलमात लिहिले होते. माझे देणे माझ्या मालमत्तेतून फिटेल तेवढे फिटेल, मुलांच्या खिशाला हात लागणार नाही, असे वकिलांनीच सांगितले होते. मी ते तिला वाचून दाखवले. तिने यंत्र थांबवले.

"उशीर झाला, आई."

"म्हणजे?"

"तू आजारी होतीस तेव्हा काम नव्हतं. मी माझ्या नावानं कार्ड काढलं. त्यावरून रोख काढून तुझी किमान रक्कम भरत होते."

"मला विचारायचं नाही?"

"तूच म्हणतेस ना, एक वेळचं जेवण चुकलं तरी चालेल, तारीख चुकता कामा नये."

"आणि तुझ्या कार्डाचं काय?"

"किमान भरते."

मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, ते देणं तिचं. मृत्युपत्रात तुमचं तिला देता येतं, तिचं काढून घेता येत नाही." मी ते कलम खोडले व शेजारी सही केली.

६. म्हणून धाकटीस सूचना. कार्ड वापरणे आज बंद कर. बँकेत जा, कमाई अनियमित आहे असे स्पष्ट सांग आणि झेपतील असे हप्ते बांधून माग. काम मिळेल त्या महिन्यात जास्त भर. पैसे नसतील तेव्हाही फोन उचल आणि "नाहीत" म्हण. मान खाली घालून नको. एक कर्ज फेडायला दुसरे काढू नकोस. तारीख चुकली तर चुकू दे.

हे वाचून दाखवल्यावर ती "बरं" म्हणाली. लहानपणी औषध घेतलंस का विचारलं की असंच म्हणायची. मग खिडकीतल्या कुंडीत गोळ्या सापडायच्या.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले (सही), माझी कॉलेजातली मैत्रीण, निवृत्त ग्रंथपाल (सही)

स्थळ: राहत्या घरातली शिवणाची खोली

दिनांक: चालू महिन्याची अठरा

सह्यांच्या वेळी मोठा हजर होता. धाकटी नव्हती. तिच्या कार्डाची आज मुदत आहे. ती किमान रक्कम भरायला गेली आहे.

(सही)