सतरा हात वॉर्निश

व्हिएन्ना, बुधवार, मे १९१३

तीर्थरूप रोझालियाताईस धाकट्या ऑटमारचा वाकून नमस्कार. मी इथे बरा आहे, म्हणजे खातोपितो, पण बूड एका जागी टेकत नाही. (हे पत्रही उभ्यानंच लिहितोय. मधे शाईचा डाग दिसला तर समज, खिडकीपर्यंत जाऊन आलो.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला गेला का? डुकरीण व्याली का? थांब, उत्तरं नंतर दे, आधी पुढचं वाच.

तुझा सेव्हरिन धडधाकट आहे, हे पहिल्यांदा सांगून टाकतो, नाहीतर तू इथेच चष्मा काढून रडायला बसशील. पण परवा विमान दुसऱ्यांदा नापास झालं, आणि पलटणीत विमान नापास झालं की चालवणाऱ्यालाही नापास धरतात. तुला ठाऊकच आहे, मोटारी आल्यापासून आमच्या कारखान्याच्या घोडागाड्यांना कुणी विचारेना. म्हणून मालकांनी सैन्याचं काम घेतलं: शत्रू कुठे दडलाय ते वरून बघायला दुपंखी विमान. पुढे नकाशा घेऊन अधिकारी बसतो आणि मागे हाकणारा, म्हणजे आपला सेव्हरिन. (एकतीस वर्षं गाडीवान पुढे आणि साहेब मागे बघितलेला माणूस मी. पहिल्या दिवशी सवयीनं सेव्हरिनलाच टोपी काढून सलाम ठोकला. पोरगं लाजून लाल झालं.) सैन्याची अट अशी की दोन माणसं घेऊन पाव तासात आठशे मीटर वर जायचं. आमचं यंत्र सातशेला धापा टाकायला लागतं.

मग आमचे इंजिनियर क्रायबिखसाहेब लागले सुधारणांच्या मागे. आधी कातडी गाद्या काढल्या. अधिकारी फळीवर बसून उतरला तो दोन दिवस उभ्यानंच जेवला. मग हत्यारांची पेटी गेली, पेट्रोलची टाकी लहान झाली. मग तळाच्या फळीला वजन कमी करायला भोकं पाडली, तर अधिकाऱ्याची पेन्सिल त्यातून निसटून कुणाच्या तरी कोबीत पडली. (शत्रू दिसला असता तरी लिहून काय घेणार, कपाळ!) माझं काम तेवढं चोख. साहेब म्हणाले होते, लाकडी अंगाला दोनच हात वॉर्निश द्या. दोन हात? दोन हात देतात कोंबड्यांच्या खुराड्याला! मी गुपचूप फटीफटींत लुकण भरून, दर हाताला घासून, सरदाराच्या बग्गीला देतो तसं केलं. त्यात तोंड बघून दाढी करावी असं झालंय.

शेवटी साहेबांनी सेव्हरिनला वजनाच्या काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी किलो! "माणूस आहेस का पोतं? खातोस तरी काय?" तर हा भोळा सांब छाती फुगवून म्हणतो, "आईचे खसखशीचे रोल, साहेब. दर शनिवारी पार्सल येतं." झालं. तेव्हापासून त्याला पातळ सूप आणि मुळे. शुक्रवारी शेवटची चाचणी आहे. तीही फसली तर याची रवानगी पुन्हा घोडदळाच्या तबेल्यात, लीद उपसायला. आणि पोराचा जीव तर त्या विमानात अडकलाय. काल मला म्हणाला, "मामा, आईला कळवू नका हं. तिला वाटेल, तिच्या रोलांनीच घात केला." मला भडभडून आलं गं. पण कळवणं भाग आहे, म्हणून मन घट्ट करून लिहितो: या शनिवारी पार्सल पाठवू नकोस. भावजींना नमस्कार, डुकरिणीच्या पिलांना पापे.

तुझा ऑटमार

ता. क. (बुधवारीच, पण झोप उडाल्यावर.) वॉर्निशचे नि लुकणाचे रिकामे डबे मोजत बसलो होतो. ताई, त्या विमानाच्या अंगावर माझं बावीस किलो ओझं आहे. रोल बिचारे निर्दोष आहेत.

ता. क. (गुरुवार.) सकाळी साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. डब्यांचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला. मग म्हणाले, "ऑटमार, दोन म्हणजे किती?" मी म्हणालो, "सतरा, साहेब." नोकरी गेलीच असती, पण खरवडायला माणसं कमी होती. दिवसभर काचेच्या तुकड्यानं माझंच काम मी खरवडलं. हाताला फोड आले. त्याहून जास्त दुखलं ते सांगत नाही.

ता. क. (शुक्रवार.) आठशे तीस मीटर! चौदा मिनिटांत! मैदानावर मी लहान मुलासारखा रडलो. सेव्हरिन विमानावरच कायम झाला, पण माझ्याशी बोलत नाही. "दहा दिवस मुळे खाल्ले, मामा," एवढं म्हणाला आणि पाठ फिरवली. तेव्हा खरी विनंती ही: पार्सल ताबडतोब पाठव, आणि ते माझ्या हातून त्याला द्यावं अशी चिठ्ठी आत घाल. वरचं सगळं विसर.

ता. क. मात्र रोल अर्धेच पाठव. त्याच्या बैठकीच्या आतल्या अंगाला, डाव्या कोपराशी, वीतभर जागा मी खरवडलेली नाही. तिथे सतराच्या सतरा हात तसेच आहेत, आणि काल संध्याकाळी अठरावा दिलाय.