घास उतरत नाही

३ नोव्हेंबर
बाबांना जाऊन आठवडा झाला. आई म्हणाली होती, आता येऊन काय करणार, परीक्षा बुडवू नकोस. मी ऐकलं. एरवी तिचं इतक्या लवकर ऐकत नाही.
आज फोनवर तिने विचारलं, जेवलास का रे? म्हटलं, घास उतरत नाही. अशा वेळी असंच म्हणतात. तोंडात चीज होतं. ते खरंच उतरत नव्हतं, तुकडा मोठा होता.
उद्यापासून फक्त सूप.

४ नोव्हेंबर
सूप घेतलं. इथे सूपबरोबर पाव देतातच. पावाबरोबर लोणी. कँटीनच्या बाईंनी बटाटेही वाढले. परक्या देशात माणुसकीला नाही म्हणू नये.

८ नोव्हेंबर
इथलं जेवण मुळात बेचव. मीठ नाही, तिखट नाही. दुःखात असंच हवं. दोनदा घेतलं.
रूममेट लांब्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, हो. त्याने केक पुढे केला. खरं सांगितलं असतं तर केक खाता आला नसता.

११ नोव्हेंबर
पँटचं बटण लागेना. इथल्या ड्रायरमध्ये कपडे आटतात. पट्टा मी ड्रायरमध्ये टाकत नाही, पण तोही आखूड झाला आहे. हवा फार कोरडी.

१३ नोव्हेंबर
ताईचा फोन. आई ताटावर बसतच नाही. म्हणते, लेकरू तिकडे उपाशी, मी कशी जेवू? ताई म्हणाली, तिच्यासाठी तरी काहीतरी पोटात ढकल रे. म्हटलं, बघतो.
एकदम खरं सांगितलं तर आईला धक्का बसेल. त्यापेक्षा भूक हळूहळू वाढवायची. प्लॅन उत्तम आहे.

१४ नोव्हेंबर
आईला सांगितलं, अर्धा पाव खाल्ला. खोटं नाही. बाकी सगळं झाल्यावर अर्धा पाव खाल्लाच होता.
ताईने कळवलं, आईनेही अर्धीच पोळी खाल्ली. मोजून.

१५ नोव्हेंबर
एक पाव सांगायचा होता. घाई नको म्हणून पाऊण सांगितला. संध्याकाळी स्वतःची लाज वाटली. पास्ता खाल्ला.

१६ नोव्हेंबर, दुपार
जेवण आटोपतच होतं, आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या गळ्याची हाडं वर आली आहेत. माझ्याकडे बघून म्हणाली, तोंड किती सुजलंय रे, उपाशीपोटी सूज येते, डॉक्टरला दाखव. आणि रडायला लागली.
आता मात्र सांगायचंच म्हणून तोंड उघडलं. ढेकर आला. मोठा.
आईने डोळे पुसले. मग म्हणाली, काय काय खाल्लंस? सगळं सांगितलं. म्हणाली, मेल्या, आणि मी इथे पाऊण पोळीवर! ताईला हाक मारली, वाढ गं मला, भात जास्त घाल.
फोन समोर टेकवून ती जेवली. मधेच म्हणाली, बाबा सारखे विचारायचे, पोरगं नीट जेवत असेल ना? मी हो म्हणायचे. बरं झालं, त्यांच्याशी खोटं बोलले नाही.
हात धुऊन आल्यावर म्हणाली, आता जरा कमी खा.
हो म्हटलं. रडत होतो, म्हणून तिला ते खरं वाटलं.