आठ व्हॉल्व्हचा पंचनामा

बाबा, तुमच्या दोन सीटांच्या गाडीच्या इंजिनाचं हेड उघडलं त्या दिवसाचा पंचनामा आज कपाटात सापडला. अक्षर माझं, सही तुमची. महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. अकोल्याच्या कापूस कंपनीतला साहेब विलायतेला परत जाताना ती उघडी, लांब नाकाची गाडी तुम्हाला विकून गेला होता. अशील बसला की कारकुनाला पायी पाठवावं लागे, पण वर्षभर ती पळाली मात्र. मग एक दिवस वलगावच्या रस्त्यावर एका बैलांच्या दमणीनं आपल्याला मागं टाकलं. दमणीवाला वळून हसला. तुम्ही घरी येऊन, डोक्यावरची टोपी काढायच्या आधी निकाल दिलात, "व्हॉल्व्ह बदलले त्यानं. असली काढून घेतले."

त्यानं म्हणजे अकोल्याच्या मिस्त्रीनं. मूळचा बाळापूरचा, जिनिंगच्या इंजिनांवर हात बसलेला, आणि तुमचं ते विलायती इंजिन उघडू शकणारा आपल्या ओळखीतला एकुलता एक माणूस. मागच्या खेपेला त्यानं ते आपल्या शेडमध्ये, तुमच्या माघारी उघडलं, एवढाच त्याचा गुन्हा. पण तुम्ही देवळाबाहेर एक चप्पल या दाराशी आणि दुसरी त्या दाराशी काढणारे. म्हणून या वेळी मिस्त्रीला पिशवीभर पान्हे घेऊन अमरावतीला यावं लागलं. इंजिन आपल्या अंगणात, तुमच्या डोळ्यांदेखत खोलायचं ठरलं. बी.ए. होऊन घरी बसलेली तेवीस वर्षांची मी पंच. निघेल त्या प्रत्येक वस्तूला कोर्टातल्यासारखा निशाणी क्रमांक आणि वेगळं पाकीट.

मला ते अंगण अजून दिसतं. मिस्त्री वरचं झाकण काढतो, रॉकरचा दांडा उचलतो, हेडचे नट बाहेरून आत, प्रत्येक थोडा थोडा सैल करत येतो. तुम्ही खुर्चीवरून सांगता, "निशाणी अकरा. नट एक, किंचित गंजलेला." मिस्त्री पान्हा खाली ठेवतो.

"वकीलसाहेब, मी इंजिन खोलून राहिलो का मुडदा?"

"तू खोल. मी पाहून राहिलो."

हेड चिकटलेलं होतं. त्यानं लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी थोपटून ते सोडवलं. आठ व्हॉल्व्ह निघाले तेव्हा मात्र त्यानं तुमची पाकिटं हातानं सारली. जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, आठ भोकं पाडली आणि ओळीनं एकेक व्हॉल्व्ह खोवला. "ह्यायले कोंबू नका. जो ज्या घरचा, त्यानं त्याच घरात नांदलं पाह्यजे." तुम्ही भिंगातून पाहिलंत. आठही जणांवर कंपनीचा शिक्का होता. तुम्ही म्हणालात, "शिक्के काय, मारताही येतात."

मग त्यानं काजळी खरवडली, आणि दुसऱ्या दिवशी पेस्ट लावून एकेक व्हॉल्व्ह आपापल्या बैठकीत, दोन तळव्यांत काडी धरून, ताक घुसळावं तसा घुसळला, की दोघांत फट राहू नये. दुपारी तुम्ही कोर्टात गेलात. तो जेवायला जाताना म्हणाला, "ताई, मी येऊन धुतो. हात नका लावू."

मी लावला. दोन दिवस नुसतं लिहीत होते, आणि लोकांनी केलेलं लिहून घेण्याचा कंटाळा तेव्हाच आला होता. परातीत घासलेट ओतलं, व्हॉल्व्ह धुतले, आणि दोन एकदम हातातून निसटून परातीत पडले. तिसरा आणि सहावा. जुळे भाऊ बरे, त्यांना आई तरी ओळखते. मी अंदाजानं खोवले आणि पुठ्ठा होता तिथं ठेवला.

संध्याकाळी मी तुम्हाला भाकरी वाढत होते. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत. "हातानं वाढू नको. चिमट्यानं वाढ." एवढंच.

सकाळी इंजिन जोडलं, सुरू केलं, तर आवाज दम्याच्या माणसासारखा. "पाहिलं?" तुम्ही म्हणालात. "माझ्या डोळ्यांसमोर बदलले."

"बदलले असते तं चांगले टाकले असते," मिस्त्री म्हणाला. त्यानं प्लग काढून एकेका भोकावर अंगठा दाबला, हँडल फिरवायला लावलं. दुसऱ्यावर थांबला, तिसऱ्यावर थांबला. दर भोकामागं दोन व्हॉल्व्ह, म्हणजे माझे तिसरा आणि सहावा तिथलेच. "दोनच गळून राहिले. हेड पुन्हा खोलू द्या, वकीलसाहेब. समजलं मले."

"आता एक पान्हा लागणार नाही."

मिस्त्रीनं हात पुसले. मग माझ्या नखांकडे पाहिलं. मी पेन घट्ट धरलं, तर ती काळी नखं आणखीच दिसली. तो हळूच म्हणाला, "ताई, लिहा. मिस्त्री काई बोलला नाही." आणि मी लिहिलं, बाबा. सुवाच्य अक्षरात. खाली तुम्ही सही केलीत आणि हकिकत बाररूमला सांगितलीत. त्यानंतर अमरावतीच्या एकाही वकिलाची गाडी अकोल्याला गेली नाही. दोन वर्षांत त्याची शेड बंद झाली. तो बाळापूरला विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करतो, असं ऐकलं. आपली गाडी अंगणात ताडपत्रीखाली राहिली. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची तर तुमचा विश्वास नव्हता.

मला वीस वर्षं एकच संशय आहे. मृत्युपत्रात शाई बदलली तर तुम्हाला दारातून दिसे. मग तुम्हाला माझी नखं दिसली नाहीत? दिसली, म्हणून तर चिमटा. की चिमट्याचं कारण नुसतं घासलेटचा वास? तुम्हाला ठाऊक नसेल, तर तुम्ही फक्त चुकलात. ठाऊक असेल, तर मला वाचवायला तुम्ही एका माणसाचं नाव विकलंत, आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. कोणतं खरं असावं याबद्दल माझं मत दरवर्षी बदलतं, पण विचारायला मी तुम्ही गेल्यावरच सुरुवात केली, हेही लक्षात येतं.

पंचनाम्यात तुमच्या सहीच्या वर दोन बोटं जागा कोरी आहे. एक ओळ सहज मावेल. तीच लिहायला मघाशी पेन उघडलं, आणि लिहीत बसले तुम्हाला. तुम्ही आता उलटतपासणी घेत नाही. बाळापूरची बस मात्र रोज सुटते.