दिवसा सांगितलेली गोष्ट

सोमवार, ३ नोव्हेंबर
गडहिंग्लजहून आलेलं सामान : लोखंडी कॉट एक, ट्रंका दोन, भांड्यांची पोती तीन, देवाची पेटी. टेम्पो अठ्ठावीसशे, हमाली तीनशे. कोल्हापुरातली ही भाड्याची जागा छान आहे. सकाळचं ऊन थेट देवापर्यंत येतं. शिवाची कृपा.

शेवटची वस्तू ह्यांची खरेदी : जुन्या बाजारातली लाकडी बाहुली, ठकी, नऊशे रुपये. शंभर वर्षांची म्हणे. नाक झिजलेलं, हात अंगालाच चिकटलेले, डोळे तेवढे कालच रंगवल्यासारखे. आमच्याकडं असलं लाकूड बंबात घालतात. आमची पोरगी सौंदर्या तिच्यासाठी रडायला लागली म्हणून फळीवर ठेवली.

बुधवार, ५ नोव्हेंबर
पोरगी पाच वर्षांची झाली तरी गोष्टीशिवाय घास गिळत नाही. दुपारी ठकीचीच गोष्ट काढली. ठकी ऐटीत एसटीनं जग बघायला निघाली. तू माणसात जमा नाहीस, म्हणून कंडक्टरनं तिला माळावर उतरवली. तिथं एक घाट, पायऱ्याच पायऱ्या, पाणी टिपूस नाही. एक बाई पाठमोरी बसून कोरडेच कपडे आपटतेय. ठोकळीची अशीच फजिती व्हायला पाहिजे. सौंदर्या अख्खी भाकरी जेवली.

घरमालकीण चिमणाबाई खिडकीतनं ओरडली, दिवसा गोष्ट सांगू नगंस की गं, पोरीचा मामा वाट चुकतोय. मी म्हटलं, आमचा मृत्युंजय झोपेत बसला तरी बरोब्बर स्टँडवर उतरतो. बाई चार तीर्थं करून आलीय, अक्कल तेवढी तिथंच विसरलीय. रोज लिंगपूजा करणारीला असली भीती दाखवते!

शनिवार, ८ नोव्हेंबर
माझा धाकटा भाऊ मृत्युंजय, आमचा तम्मा, गडहिंग्लजहून आठच्या एसटीनं निघाला. अकरापर्यंत यायला पाहिजे होता. बारा वाजले. पोरगी भुकेजली, तेव्हा ठकीला त्याच घाटावर अजून थोडी हिंडवली.

एक वाजता तम्माचा फोन. हसत होता. म्हणाला, अक्का, कंडक्टरनं मधेच उतरवलं बघ, माणसात जमा न्हाईस म्हणाला. पाटी न्हाई, झाड न्हाई. पायऱ्या हायत, पाणी न्हाई. एक बाई पाठ करून कोरडे कपडे धुतीया.

ही गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

रविवार, ९ नोव्हेंबर
हे डेपोत जाऊन आले. म्हणाले, दोस्तांबरोबर ढोसत पडला असेल. असला नवरा, आणि असली त्याची पारख. चिमणाबाई म्हणते, ठकीला भायेर सोडलंयस, तिला घरला आण, गोष्ट पुरी कर, मग भाऊ येतोय बघ. लाकडापुढं मी वाकायचं? लाकडापुढं?

दुपारी फोन. अक्का, ती बाई वळायला लागलीया —

सोमवार, १० नोव्हेंबर
वाकले. पूजा अर्धी टाकली, पोरीला मांडीवर घेतलं, भराभरा सांगितलं. ठकी पायऱ्या चढली, एसटीत बसली, आमच्या गल्लीत आली, दार वाजवलं, आईनं आत घेतलं. संपली गोष्ट.

दार वाजलं. लाकडावर लाकूड आपटावं तसं.

तम्मा. शर्ट त्याचाच. हात अंगाला चिकटलेले. मी आत घेतला. मागं बघितलं तर फळी रिकामी —

मंगळवार
चूक माझी. गोष्टीत ठकीला घरी आणलं. तम्माला आणायचं राहिलं. त्याचं नावच घेतलं नाही मी —

हे खूश आहेत. मेव्हणा आला म्हणून. डोळे आहेत का कवड्या —

पुन्हा सांगायला बसले. पोरगी ऐकत नाही. त्याच्यासमोर बसून गपगप जेवते. गोष्ट तो सांगतो. भर दुपारी. त्यात एक आई आहे. ती एसटीत बसते —

बुध —
अव्वा, हे पान फाडून पोस्टात टाकते. कालपर्यंत तम्माच्या नंबरवरनं फोन येत होता. पायऱ्या मोजत होता. आवाज बारीक झाला, मग —

खुर्चीत बसलाय तो तुझा लेक नाही. सौंदर्याला न्यायला अप्पांना पाठव. तम्मा तिकडं घरी पोचला का, खरं काय ते उलट टपाली कळव. फोन करू नको. माझ्या आवाजात तोच बोल —