चहा संपेपर्यंत

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा बूट! दिवाणखान्यात चिखलाचे ठसे आणि ऑर्डर्ली गुपचूप फडकं मारतोय. "कशाला आले होते रे?" तर म्हणे, "लक्ष नव्हतं, बाईसाहेब." ह्यांच्या हाताखाली राहून तोही न बोलण्यात तयार झालाय.

चौघं होते. ह्यांच्या जुन्या पलटणीतले. मी पडद्याआडून विचारलं, तर चहा नको म्हणाले. सैनिक आणि चहा नको! तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

संप काही मिटत नाही. बस बंद, शाळा बंद, संसदेत परवा खुर्च्या फेकल्या. शिंप्याच्या दुकानापासून क्लबापर्यंत एकच वाक्य — "आता लष्करानंच काहीतरी करायला हवं." हे वाक्य मी लहानपणी ऐकलंय. मला ते सहन होत नाही.

५ मार्च

मुख्यालयात गेले होते. नव्या अधिकाऱ्यांच्या बायकांना इमारत दाखवायची, हे सरसेनापतीच्या बायकोचं काम. लांब व्हरांड्यात आजवरचे सगळे सरसेनापती ओळीनं टांगलेले. पहिले तिघे राजाचे मेहुणे — तेव्हा तेवढी पात्रता पुरत असे. मग लढाया जिंकलेले. अलीकडचे नुसत्या बैठका जिंकलेले. आठव्यानंतर एकदम दहावा. मधे रिकामा खिळा.

एका नवख्या मुलीनं विचारलं, "इथलं चित्र दुरुस्तीला गेलंय का?" बाकीच्या एकदम छताकडे बघायला लागल्या.

"नाही," म्हटलं, "ते माझे बाबा."

बिचारीचा चेहरा! पण लपवायचं कशाला? बाबांनी एका सकाळी रेडिओवर सांगितलं, देश आता माझ्या हातात, थोडे दिवस. ते थोडे दिवस सात वर्षं चालले. मग तुरुंग, आणि तुरुंगातच गेले.

त्यांच्यानंतर संसदेनं एक रीत पाडली. वर्षातून एकदा सरसेनापतीनं एकट्यानं, पायी, कमरेला काही न लावता राष्ट्राध्यक्षांच्या दारी जायचं आणि पदाची छडी परत द्यायची. ती आत नेऊन ठेवतात. चहा देतात. चहा संपला की छडी पुन्हा हातात. तेवढा वेळ देशाला सरसेनापती नसतो, हुकूम उपसेनापतीचा चालतो. ह्यांच्या आधीचे म्हणायचे, "मी बशीत ओतून पितो, लवकर उरकतं!"

यंदा चौदा तारीख.

७ मार्च

दुपारी ह्यांचा फोन कानावर पडला. (पडला कसला, दाराशी उभी राहून ऐकला.) "शाळेतच राहू द्या पलटण. खिडक्या लावून. चौदापर्यंत कुणाला कळता कामा नये — धाकट्यालाही नाही."

शाळा म्हणजे राष्ट्राध्यक्षबाईंच्या घरामागची. संपामुळे ओसच आहे. आणि धाकटे म्हणजे ह्यांचे उपसेनापती. दोघं एकत्र वाढले, हे त्यांना सख्ख्या भावासारखं मानतात. मला ते वहिनी म्हणतात, मी भाऊजी. ह्यांच्या ताटातलं उचलून खाणारा माणूस.

त्यांनाही नाही! का? ते सरळ आहेत, ते अडवतील म्हणूनच. दुसरं काय असणार?

८ मार्च

सरळ विचारलं. "पलटण कशाला आणलीत?"

वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुला न कळलेलं बरं. तुझ्या चेहऱ्यावर सगळं वाचता येतं." मग म्हणाले, "ताईकडे जाऊन ये ना चार दिवस."

हातातली किटली तशीच राहिली. बाबा आईला हेच म्हणाले होते! मावशीकडे जाऊन या चार दिवस. आईनं बॅग भरली, माझ्या वेण्या घातल्या, आणि एक अक्षर बोलली नाही. सगळं ठाऊक असून! तिला मी ती जाईपर्यंत बोल लावला — तू तोंड उघडलं असतंस तर?

दुधानं तोंड पोळलंय माझं. ताक फुंकणार नाही तर काय करणार?

९ मार्च

ताईकडे जाणार नाही म्हणून सांगितलं. हे अर्ध्या जेवणावरून उठले.

१० मार्च

सांगून टाकलं. भाऊजी कागदांवर सह्या घ्यायला आले होते, हे अंघोळीला गेलेले. फोन, पलटण, शाळा, सगळं एका दमात. "भाऊजी, ह्यांना बाबांसारखं होऊ देऊ नका. तुमचं ऐकतील."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुठली शाळा म्हणालात, वहिनी?" मी पुन्हा सांगितलं. "बरं झालं माझ्याजवळ बोललात. दादांना मी सांभाळतो. त्यांच्यापाशी मात्र विषय काढू नका — कमीपणा वाटेल त्यांना."

किती समजूतदार! छातीवरचा धोंडा उतरला. नवऱ्याची चहाडी केली असंही वाटतंय. पण चहाडी केलेली परवडली, त्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा नको.

१२ मार्च

मुद्दाम शाळेवरून गाडी न्यायला लावली. खिडक्या सताड उघड्या! शिपाई वर्ग झाडत होता. पलटणीचा मागमूस नाही. सुंठीवाचून खोकला गेला. खोटं कशाला लिहू, गाडीत रडले.

आमचा फोन सकाळपासून मुका आहे. संपवाल्यांनी तारा तोडल्या, म्हणे.

१३ मार्च

हे आज शांत. बूट स्वतःच घासत बसले. मला त्यांची मायाच आली. म्हटलं, "उद्या चहा घाईनं पिऊ नका, जीभ भाजेल."

कितीतरी दिवसांनी हसले. "उद्या सावकाशच पिणार आहे. पाठीला भिंत असली की माणूस निवांत बसतो."

कसली भिंत ते कळलं नाही. विचारणार होते, पण म्हटलं, जाऊ दे. हसतायत तोवर हसू दे. फाटकावरचे पहारेकरी बदललेत. नवे ओळखीचे नाहीत. ह्यांनी दोनदा खिडकीतून पाहिलं.

१४ मार्च

सकाळी निघाले. पायी, एकटे, छडी काखेत. वळणावर मागे वळून बघायची सवय नाही त्यांची. आज बघितलं.

एव्हाना यायला हवे होते. चहाला इतका वेळ?

रेडिओवर एकच वाद्य वाजतंय. मघापासून तेच. बाबांच्या वेळीही असंच होतं! पण आता कसं? पलटण तर गेली. हे तर —

आवाज आला. ह्यांचा नाही. "सरसेनापतीपद या घटकेला रिकामं असल्यामुळे नियमानुसार सर्व सूत्रं मी हाती घेत आहे. थोडे दिवस."

भाऊजी.

१५ मार्च

पलटण अध्यक्षबाईंवर चालून जाण्यासाठी नव्हती. तो चहा राखायला होती. ह्यांना भाऊजींचा संशय आला होता आणि हातात पुरावा नव्हता. कालपासून एवढंच डोक्यात फिरतंय. एवढी साधी गोष्ट मला का दिसली नाही? धाकट्यालाही नाही, म्हणाले होते. धाकट्यालाही नाही!

फाटकाबाहेर सोडत नाहीत.

१६ मार्च

फोन चालू झाला. पहिला ह्यांचाच. कुठून बोलतोय ते विचारू नको, म्हणाले, मिनिटभरच दिलंय. जेवण ठीक आहे. अध्यक्षबाई सुखरूप आहेत. रात्री गारठा असतो. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पलटण कुणीतरी माझ्या नावानं हलवली. शाळेचं घरी आलेल्या त्या चौघांनाच ठाऊक होतं. कोण फुटलं ते मी शोधून काढीन. सोडणार नाही त्याला."

स्वेटर पाठवते, म्हटलं.