रामाजीची फोर्ड

मूल, ता. ९ नोव्हेंबर १९५४

चि. पत्रूस वच्छलाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. बाबांची बैलजोडी आणि सवारीची दमणी विकून तू रामाजीची मोटार घेणार, हे वाचून माझी भाकर तव्यावरच करपली. नागभीड स्टेशनावरून चिमूरला सवाऱ्या नेण्यावर तुझं घर चालतं. बैलही गेले आणि मोटारही रस्त्यात बसली, तर पोरं काय खातील?

रामाजी आमचा शेजारी. पंधरा वर्षं ही एकच फोर्ड भाड्याने चालवतो. अशी चालती गाडी कोणी उगाच विकत नाही. कारण विचारलं तर कधी म्हणतो कंटाळा आला, कधी म्हणतो टायर मिळत नाहीत. परवा ह्यांनी चहाला बोलावलं, तर अंगणातूनच परत गेला. नजर चुकवतो मेला. काहीतरी नक्की लपवतोय.

हे सांगतात, न कळवता पहाटे ये आणि आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समज, इंजिन तापवून ठेवलंय, गारठ्यात सुरू होत नाही. मी धान कापणीला राजोलीला जातेय, नाहीतर मीच समोर उभी राहिले असते.

पोरांना पापा. बहिणीचं बोलणं कडू लागलं तरी गिळ.
तुझी वच्छलाबाई

नागभीड, ता. १७ नोव्हेंबर

ती. सौ. वच्छलाबाईस पत्रूचा शि. सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे पहाटे जाऊन आलो. बॉनेट गारठलेलं होतं. हँडल एकदाच मारलं आणि गाडी सुरू! धूर नाही, खडखड नाही. जंगलातल्या चढावर नेली, नाल्यातून काढली, ब्रेक मारून पाहिला. मी बैल पारखणारा माणूस, चाल बघून कळतं. सदतीस सालची गाडी, पण खोट सापडेना. बाई, खोट सापडली असती तर बरं झालं असतं. आता मलाच झोप नाही.

कारण पुढे ऐक. चार माणसं जमली होती म्हणून मी बैलबाजाराच्या रीतीने रुमाल पसरला. रुमालाखाली हात घालायचा, जितकी बोटं धरली तितके शेकडे, बघणाऱ्याला पत्ता नाही. रामाजीचा बाप बैलांचा व्यापारी, तो या रीतीतच वाढलेला. पण त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणतो कसा, मले थे जमत नाई, काय तो भाव तोंडानं बोल. भावही असा सांगितला की मी चाटच पडलो, इतका कमी. मी विचार करतो म्हणून परत आलो.

तुझं काय मत ते लवकर लिही. माया असू दे.
तुझा पत्रू

मूल, ता. २३ नोव्हेंबर

चि. पत्रूस आशीर्वाद. वि. वि.

घेऊ नकोस! कालच राजोलीहून आले आणि नवीनच पाहिलं. रामाजीची बायको सोनीबाई विहिरीवर रडत होती. मी विचारलं तर घागर अर्धीच भरून निघून गेली. मला वाटतं, जंगलात त्या गाडीखाली कोणी माणूस सापडलाय आणि रामाजीने ते दडपलंय. उद्या पोलीस गाडीच्या मालकाला धरतील, आणि मालक तू असशील. सौद्यात जो हात दाखवत नाही, त्याच्याशी व्यवहार कसला? बैल विकले नाहीस ना अजून? घाईत आहे, कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाल.
वच्छलाबाई

नागभीड, ता. १ डिसेंबर

ती. सौ. बाईस शि. सा. न. वि. वि.

बैल विकले, गाडी घेतली. आणि मूलमध्ये येऊनही तुझ्याकडे न थांबता निघून गेलो, कारण तुझ्यासमोर मला तोंड लपवता आलं नसतं. हे पत्र वाचून लगेच चुलीत टाक. दाजींनाही दाखवू नकोस.

या खेपेला मी रामाजीला त्याच्या घरात गाठलं, दार लावलं आणि सांगितलं, रुमालाखाली हात दिला तरच सौदा. नाइलाजाने त्याने दिला. मी दोन बोटं धरली, तो हो म्हणाला. गंमत म्हणून एकच धरलं, तरी हो. मग मी बोटं सोडून दिली, काहीच धरलं नाही. तरी त्याने मान हलवली.

मी रुमाल उचलला. बोटावर भाजल्याचा मोठा फोड होता, सायलेन्सरला लागलेला, आणि त्याला तो माहीतच नव्हता. बाई, त्याला महारोग झालाय. दसऱ्याच्या सुमारास नाल्यावरच्या पुलाशी स्टिअरिंग सुटलं, ते सुटलेलं डोळ्यांना दिसलं, हाताला कळलं नाही. गाडीत सहा सवाऱ्या होत्या. त्या दिवसापासून त्याने भाडं घेतलं नाही. म्हणून विकतो.

दोन पोरी लग्नाच्या आहेत. गावात कळलं तर काय होईल, ते मी तुला सांगायला नको. चांद्याचे डॉक्टर म्हणतात, नव्या गोळ्यांनी आजार थांबतो, शेजारी बसल्याने काही होत नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी तिथे जावं लागतं, आणि रेल्वेत अर्धं मूल गाव असतं. मी त्याला नेईन असं म्हणालो. भाव त्याने तोंडाने सांगितला होता, त्याहून जास्तच दिला. आता सगळं तुझ्या तोंडावर आहे.

रागावलीस तरी तोडू नकोस.
पत्रू

मूल, ता. ६ डिसेंबर

चि. पत्रूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र चुलीत टाकलं आणि मग राखेने तीनदा हात धुतले. खोटं कशाला सांगू, भीती वाटली. कागदाला काय लागणार होतं? नंतर माझीच मला लाज वाटली. चार वेळा त्या माणसाने आमच्या घरच्या आजारी माणसाला रातोरात चांद्याला पोचवलंय, आणि मी त्याला खुनी ठरवायला निघाले होते.

पण गाव गप्प बसत नाही रे. रामाजीने गाडी काऊन विकली, म्हणून विहिरीवर बाया विचारू लागल्या. एकीने त्याच्या हाताचा विषय काढला. मी कमरेवर हात ठेवून ओरडले की विकणार नाई तर काय, गाडी पुरी फुटकी आहे, माह्या भोळ्या भावाच्या गळ्यात मारली! दर महिन्याला बंद पडते, आता रामाजीच येऊन दुरुस्त करून देईन म्हणून कबूल झालाय. माझ्या संशयी स्वभावाची सगळ्यांना सवय, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. हाताचा विषय तिथेच मिटला.

तुझ्या धंद्याचं नुकसान होईल, हे बोलून झाल्यावर सुचलं. मला माफ कर. तू भोळा आहेस हे मात्र मी खोटं बोलले नाही.
वच्छलाबाई

नागभीड, ता. ७ जानेवारी १९५५

ती. सौ. बाईस पत्रूचा शि. सा. न. वि. वि.

तुझी कीर्ती इथवर पोचली. लग्नाची दोन भाडी मोडली. स्टेशनावर सवाऱ्या विचारतात, जंगलात बंद तर नाई पडत ना? मी म्हणतो, नशीब तुमचं. निम्म्या सवाऱ्या मी विकलेल्या दमणीत जाऊन बसतात, तिला आपलेच बैल जुंपलेले. तेव्हा तुझा रागही आला, का लपवू?

बुधवारी मूलच्या चौकात मुद्दाम गाडी बंद केली. लोक हसायला जमले. रामाजी आला, बॉनेट उघडून उगाच आत डोकावला आणि माझ्या शेजारी बसला. गाव मागे पडलं. मग ढसाढसा रडला. म्हणाला, इतकी गुणाची गाडी, माह्यापायी बदनाम झाली. मी म्हटलं, भाऊ, गाडीले बदनामीनं काई होत नाई. गोळ्या मिळाल्या. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात, बोटं वाचतील.

पैशाची ओढाताण आहे, पण पोरं उपाशी नाहीत. तुझ्यावरचा राग रस्त्यातच उतरला. दाजींना नमस्कार सांग, आणि मूलमध्ये कोणी विचारलं तर सांगून ठेव की पुढच्या महिन्यात पहिल्या बुधवारी गाडी पुन्हा बिघडणार आहे.

तुझा भोळा भाऊ,
पत्रू