कायमचं राहायचा व्हिसा

वाडी, कड्याजवळ,
ता. आष्टी, जि. बीड
मे २०१९

प्रिय कारेन,

तुझं पत्र मिळालं. डेन्मार्कहून कड्यापर्यंत ते वेळेत आलं, मग मात्र अडकलं. आमचा पोस्टमन सध्या गुरांच्या छावणीत आपल्या बैलांपाशी मुक्कामाला असतो. तू लिहिलंयस की तिकडे वृद्धाश्रमात छान खोली मिळतेय, पण तुला उरलेलं आयुष्य इथं काढायचंय. कायमचं यायला कुठला व्हिसा लागतो, हे शोधायचं काम तू माझ्यावर टाकलंस. बरं केलंस. दूध संस्थेतून निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही सांगतच नव्हतं. सदरा बदलला आणि बीडची एसटी धरली.

परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या साहेबांनी मला चहा पाजला आणि मग एकेक दार बंद करत गेले. म्हातारपण काढायला येणाऱ्यांसाठी आपल्या देशात वेगळा व्हिसाच नाही. पर्यटक म्हणून यायचं तर मुदत संपली की निघायचं, म्हणजे आमच्या ऊसतोड्यांसारखी हंगामापुरती वस्ती. नोकरीवर यायचं तर पगाराची अट एवढी मोठी, की ऐकून मी खुर्चीत नीट सावरून बसलो. औरंगाबादला पाली शिकायला नाव घाला, असंही ते म्हणाले. पण एकोणसत्तराव्या वर्षी तुला हॉस्टेलात ठेवायचं म्हणजे तिथल्या पोरींचेच हाल; तुझं पहाटेचं गाणं मी ऐकलेलं आहे. तुझे आजोबा इथले असते तर कायमचं राहायचं एक कार्ड मिळालं असतं. तेवढं मात्र आता मला जमवता येत नाही.

परतीच्या एसटीत मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. मदत पथकाबरोबर तू आलीस, बावीस वर्षांची, उन्हानं लालबुंद. रस्त्याच्या कामावर आम्ही खडी फोडायचो आणि तू पोरांना सुकडी वाटायचीस. पाऊस झाल्यावर दूध संस्थेची कल्पना तूच काढलीस, कारण तुमच्याकडे म्हणे गावोगाव अशा संस्था. संस्था निघाली, पण केंद्रावर कॅन दोन ठेवले. एक गावाचा, एक आमच्या बौद्धवस्तीचा. बाबासाहेबांच्या मागे जाऊन आम्हाला सोळा-सतरा वर्षं झाली होती, तरी आमच्या गाईचं दूध वेगळंच. तू मला विचारलंस, हे दूध खराब आहे का? मी म्हटलं, नाही. दुधाची गाडी आली तशी तू सगळ्यांदेखत आमचा कॅन उचललास आणि त्यांच्या कॅनमध्ये ओतलास. धोंडीराम तेव्हा गावाकडून पंच होता. तो ओरडला, "आरं, बाईनं बाटवलं की समदं!" पण आता वेगळं करणार कसं? आणि ओतून द्यायचं तर घरी काय सांगणार? गाडी सगळं दूध घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीपासून कॅन एकच राहिला. मला त्या दिवसापासून तू आवडतेस.

पुढच्या वर्षी तुझ्या राहण्याची मुदत संपली आणि ती वाढली नाही. बीडच्या स्टँडवर मी तुझी बॅग एसटीच्या टपावर चढवली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिलो. नंतर कौशल्या माझ्या आयुष्यात आली. तिच्याबरोबर माझा संसार सुखाचा झाला, हे मी तुझ्यापासून कधी लपवलं नाही. नाताळात तुझं पत्र आलं की तीच आधी फोडायची आणि मला वाचायला लावायची. तिला जाऊन पाच वर्षं झाली. घर फार शांत आहे, कारेन. ती शांतता मला सोसत नाही.

इथं सुख वाट बघतंय, असं मात्र समजू नकोस. टँकर दोन दिवसांआड येतो आणि आंघोळीचं पाणी झाडाला जातं. पण संस्था चालू आहे. धोंडीराम आता तिचा चेअरमन आहे आणि दात नाहीत तरी ओरडतो तसाच. तुझं ऐकून म्हणाला, "बाई येनार हाय व्हय? मग येक खुर्ची लागंल. बसती कुठं ती, पर आसू द्या."

आता खरं सांगतो. साहेबांनी एक दार उघडं ठेवलं होतं आणि ते मी वर मुद्दाम लिहिलं नाही. भारतीय माणसाशी लग्न केलं तर त्या नात्यानं राहायचा व्हिसा मिळतो, आणि दोनेक वर्षांनी ते कार्डही. बीडला कचेरीत आपल्या लग्नाची नोटीस महिनाभर लागेल आणि सगळा तालुका ती वाचेल. वाचू दे. मुलीला सांगितलं, ती रडली आणि मग साडीचा रंग विचारायला लागली. माझी बहीण सरूबाई म्हणाली, "कावून बीडला खेटे घालतूस? आदी तिला इचार की." म्हणून हे पत्र. नुसत्या कागदापुरतं लग्न मला करायचं नाही, आणि तू नाही म्हणालीस तरी हंगामाला येत जा, खुर्ची तुझीच आहे. पण व्हिसाची भानगड नसती तरी मी हेच लिहिलं असतं. तू त्या दिवशी कुणालाही न विचारता दोन कॅन एक केलेस. मी मात्र विचारतो आहे. माझ्याशी लग्न करशील?

तुझाच,
सर्जेराव